वाक्य तिचं आहे

थोआबाई गोड बोलत नाहीत, हे आधीच सांगते. शिक्षिका म्हणजे हसतमुख, मायाळू असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या कालव्याकाठच्या शाळेत चौथीच्या वर्गाबाहेर उभं राहायला हवं होतं. होडीला जरा उशीर झाला तरी नावाड्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारी बाई ती. पण पोर बोलायला लागलं की तिला कसलीच घाई नसायची.

माझी पोर न्यान बोलताना अडखळते. शब्द ओठांपर्यंत येतो आणि तिथेच बसून राहतो. आधीच्या वर्गांत शेजारचं पोर तिचं उत्तर पुरं करायचं आणि शाबासकी त्याला मिळायची. थोआबाई थांबायच्या. एकदा त्या माझ्या टपरीवर रश्शातल्या शेवया खात होत्या. न्यान एका गिऱ्हाइकाला विचारायला गेली, "ति... ति..."

"तिखट ना? घाल, घाल!" तो म्हणाला.

बाईंनी चमचा खाली ठेवला. "तुम्हाला कुणी मधे तोंड घालायला सांगितलं? वाक्य तिचं आहे. पुरं होऊ द्या, मग बोला."

तो माणूस पुन्हा फिरकला नाही. बरंच झालं, मेला रश्शात रोज केस शोधायचा.

आणि मग ती जिल्ह्याची, शिक्षकांची आदर्श पाठाची स्पर्धा आली. आदल्या दिवशी हेडमास्तर तुआंग टपरीवर आले, वाडगाभर शेवया खाल्ल्या, तोंड पुसलं आणि म्हणाले, "मुओयताई, उद्या न्यानला घरीच ठेवा. पोट दुखतंय म्हणा."

"तिचं पोट ठणठणीत आहे."

"अहो, परीक्षक येणार. शाळेच्या नावाचा प्रश्न आहे. सगळ्याच शाळा कच्ची पोरं घरी ठेवतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. उकळत्या रश्शाची पळी हातात होती. ती मी परत पातेल्यात ठेवली, एवढाच माझा सोशिकपणा.

तडक बाईंच्या घरी गेले. त्या माझ्याहून तापलेल्या. "तुम्हाला एवढंच सांगितलं? सरांनी पोरांना शिकवून ठेवलंय, सगळ्यांनी हात वर करायचे. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. म्हणजे बाईंनी फक्त उजवे हात बघायचे! ज्याला येत नाही त्याचा हात खाली दिसला नाही, तर मी शिकवू कुणाला? परीक्षकांना?"

"पण बाई, तुमचं काय होईल?"

"पाठ बिघडला तर पुढच्या वर्षी वर्ग काढून घेणार, पुस्तकांच्या खोलीत बसवणार, म्हणालेत. बसेन. तुम्ही न्यानला वेणी घालून वेळेवर आणा."

मी आणली, आणि व्हरांड्यातल्या खिडकीशीच उभी राहिले. बाईंनी विचारलं, "आपल्या कालव्याचं पाणी दिवसातून काही वेळ उलटं का वाहतं?" सरांची डाव्या-उजव्याची युक्ती बाईंनी मोडून टाकली होती; ज्यांना येत होतं तेवढेच चारपाच हात वर गेले. त्यात माझ्या पोरीचा होता. बाईंनी तिलाच उठवलं.

"पा... पा..."

मागून एक हुशार पोरगा ओरडला, "भरती!"

"चूप. वाक्य तिचं आहे."

सगळा वर्ग थांबला. परीक्षक घड्याळ बघू लागले. दारातून तुआंग सर हातवारे करत होते, दुसऱ्याला विचारा, पुढे चला. बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली. माझी नखं खिडकीच्या लाकडात रुतली होती.

"पाणी आपण होऊन मागे जात नाही," न्यान शेवटी म्हणाली. "समुद्र त्याला ढकलतो."

तेवढ्यात घंटा झाली. निम्मा पाठ राहिला. परीक्षकांनी शेरा मारला, वेळेचं भान नाही. वेळेचं भान! त्या साहेबांच्या स्वतःच्या पोरांना बोलायला किती वेळ लागला होता, ते त्यांच्या बायकांना विचारायला हवं.

पुढच्या वर्षी बाई खरंच पुस्तकांच्या खोलीत गेल्या. आणि न्यानला मिळाल्या त्या नव्या बाई अगदी गोड बोलणाऱ्या. गालाला हात लावून म्हणायच्या, "दमू नकोस हं बाळ, मी सांगते तुझं," आणि तिचं वाक्य स्वतःच संपवून टाकायच्या. महिनाभर न्यानने सोसलं. मग भर वर्गात म्हणाली, "वाक्य माझं आहे."

झालं, मला बोलावणं आलं. हेडमास्तरांच्या खोलीत गोडबाई रुमालाने डोळे टिपत बसल्या होत्या. समोरच्या पुस्तकांच्या खोलीत थोआबाई फडकं हातात घेऊन उभ्या. दार उघडंच होतं.

"उद्धट झाली आहे पोरगी," तुआंग सर म्हणाले. "बाईंची माफी माग."

न्यान पुढे झाली. "मी... मा... माफी..."

"मागते," सरांनीच पुरं केलं. "ठीक आहे, जा वर्गात."

"चूप बसा, सर!" मी ओरडले. माझा आवाज पलीकडच्या काठावर गेला असेल. "वाक्य तिचं आहे."

सर लालबुंद झाले. आम्ही सगळे थांबलो.

"मागणार नाही," ती म्हणाली.