धूर नको, डाळ घ्या

पुण्यातली नारायण पेठ सोडून शहराबाहेर मांजरीला राहायला आले आणि नवं घर खायला उठायला लागलं, म्हणून दर शनिवारी मी सोसायटीच्या शिधाघरात जायला लागले. शिधाघर म्हणजे गेटाजवळची एक खोली. सोसायटीतली माणसं तिथे डाळ, तांदूळ, गहू आणून ठेवतात. आम्ही चार-पाच बायका ते निवडतो, पिशव्या भरतो आणि आसपासच्या गरजू कुटुंबांना देतो. निवडण्याबाबत आम्ही भलत्याच काटेकोर. एखादीने निवडलेल्या डाळीत खडा सापडला, तर तिच्याशी दिवसभर अबोला.

शेजारी नव्या इमारतीचं बांधकाम चालू आहे. तिथल्या पत्र्याच्या खोलीत राहणारी, यवतमाळकडची एक बाई मुलीला कडेवर घेऊन यायची. एकदा पिशवीत डोकावून ती हळूच म्हणाली, "ताई, पोहे नाहीत का? भिजवून खाता येईल असं काही द्या न."

"डाळ-तांदूळ आहेत की."

"शिजवू कशावर? गॅस संपला. चूल पेटवली तं वरून लोक ओरडतात. ठेकेदारानं चुलीच बंद केल्या."

वरून म्हणजे आमच्या गॅलऱ्यांमधून. धुराची तक्रार आमच्याच सोसायटीने केली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी घरातले पोहे तिला आणून दिले. मग तिचा छोटा सिलिंडरही भरून दिला. तो तिथल्या चार घरांनी मिळून वापरला आणि बघता बघता संपवला. तू एकटीनेच वापरायचा होतास, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी विषय काढला. सकाळ-संध्याकाळ तासभर चूल पेटवू द्या, एवढंच मागितलं. सेक्रेटरी म्हणाले, "अहो काकू, आपण धान्य देतोच ना? आता धूरही आपणच खायचा का?"

सगळे हसले. शिधाघराला सगळ्यात जास्त डाळ देणारे गृहस्थही हसले. त्यांच्या घरी दम्याचा पेशंट आहे, हेही खरं. माणसं वाईट असती तर निदान मी भांडले असते. मी खाली बसले. फार असहाय वाटलं.

पुढच्या शनिवारी ती बाई आली ती आदल्या आठवड्याची पिशवी घेऊनच.

"हे परत घ्या ताई. डाळ रातभर भिजवून तशीच कच्ची दिली तं पोरीचं पोट बिघडलं. ज्याच्या घरी चूल पेटते त्याले द्या."

तिच्या आवाजात राग नव्हता. मुलगी खांद्यावर निपचित पडली होती. दवाखान्यात नेलंस का, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "तिथूनच आले."

तिच्यामागे रांग होती. मी पिशवी घेतली आणि मागच्या बाईच्या हातात दिली. तुझ्याकडे चूल आहे का, हे तिला विचारायचा मला धीर झाला नाही.