दाढेचं अक्षर आणि बिनपदवीचा डॉक्टर

बिनपदवीच्या दातवाल्यांविरुद्ध पत्रकं वाटायची म्हणून मी त्या दिवशी साकोलीच्या बाजारात गेलो होतो. सोबत माय होती. तिची दाढ ठणकत होती, गाल फुगून डोळा बारीक झाला होता. सरकारी दवाखान्यात दाताचा डॉक्टरच नाही! कंपाउंडरने गोळ्या दिल्या आणि सांगितलं, नागपूरला न्या. मायने ऐकलं नाही. ती सरळ चिनी दातवाल्याच्या खोलीत शिरली. ज्याच्याविरुद्ध माझी पत्रकं, त्याच्याच खुर्चीत माझी माय!

तो जन्माने नागपूरचा, दर बाजाराला यायचा. पाटीवर तांबडं अक्षर होतं: 牙.

"हे काय लिवलं हाय?" मायने विचारलं.

"दाढ," तो म्हणाला. "वरची न् खालची, एकमेकीत बसल्या. माहा बाप सांगे."

"कुठं हायेत दाढा?" मी म्हणालो. "मले तर मोडकं कुंपण दिसते."

"पह्यले चित्र होतं. लिहू लिहू असं झालं."

"मंग दात काहून नाही लिहिलं?"

"समोरच्या दाताचं अक्षर अलग हाय. त्यात तोंड काढा, मंग तोंडात दात काढा. बोर्ड लहान पडला."

हा खरं सांगतो की बनवतो, कळायला मार्ग नव्हता. मी मुद्द्यावर आलो. "डिगरी?"

"बापानं शिकवलं."

"अन् बापाले?"

"त्याच्या बापानं."

मी भाषण सुरू करणार, तोच माय सुजलेल्या तोंडाने म्हणाली, "तुया बापाले रोवण्याची डिगरी कोणं देल्ली रे?"

धानाची रोपं लावायचा रोवणा वेगळा, दाढ वेगळी! हे तिला कसं सांगावं? आणि खरंच वेगळी का? नागपूरपर्यंत तिला एसटीत कण्हत न्यायचं, की इथे याच्या हाती द्यायचं? पत्रकात यावर एक ओळ नव्हती. मी फक्त चिमटा उकळायला लावला. त्याने स्टोव्ह पेटवला.

"डोकं धरा, दादा. हलू देऊ नका."

मी धरलं. राग कोणावर काढावा ते समजत नव्हतं: याच्यावर, दवाखान्यावर, की मायवर? एक कट्ट आवाज आला आणि दाढ बाहेर. मायने घमेल्यात रक्त थुंकलं. त्याने तिच्या तोंडात कापूस कोंबला आणि आत वाकून पाहिलं.

"बाजूचीबी किडली. पुढच्या बाजारी आणा."

मी तोंड उघडायच्या आत मायने मान डोलावली होती.