तेवीस जणी

काल एका शाळेच्या मैदानात मुली लेझीम खेळताना दिसल्या आणि मी कुंपणापाशी थांबून नकळत त्यांच्या ओळी मोजू लागले.

आमच्या शाळेच्या पथकात आम्ही चोवीस जणी होतो. चोवीसला दोन, तीन, चार, सहा, कितीतरी संख्यांनी भाग जातो. त्यामुळे बाई म्हणतील तशा आमच्या ओळी व्हायच्या. स्नेहसंमेलनाला चार दिवस उरले असताना नंदाचा पाय मुरगळला आणि आम्ही तेवीस झालो. बाईंनी दोन ओळी केल्या, तीन केल्या, चार केल्या. दर वेळी कुणीतरी उरायचंच.

शेवटी त्या म्हणाल्या, “एकीला बसावं लागेल.”

आम्ही सगळ्या खाली बघू लागलो. तेव्हा मीरा हळूच म्हणाली, “बाई, तेवीस मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंच भाग जात नाही.”

बाई म्हणाल्या, “मग ओळी नकोतच. गोल करा.”

गोलात कुणीच उरलं नाही. ज्या संख्येचे समान वाटे होत नाहीत, तिला सगळ्यांना एकत्रच ठेवावं लागतं का, याचं मला अजून कुतूहल वाटतं. महिनाभराच्या सरावात मला फक्त पुढच्या मुलीची वेणी दिसायची. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांचे चेहरे दिसले.