पिवळा गोल

दुपारचे अडीच. डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून अच्युत कारखानीस एडिटिंग रूममध्ये बसलेत, आणि डोळे मिटताहेत. बारा वर्षांनी सिनेमा करतोय गडी, तोही राजकीय! मागच्या सिनेमातून पुढाऱ्याचा सीन ऐनवेळी गायब झाला, तेव्हा 'विकला गेला' म्हणून लोकांनी तोंडाला काळं फासलं होतं. आता चार वाजता सिनेमाची कॉपी थिएटरांकडे जायचीय. निर्मात्याचा निरोप आहे: मंत्री गोळीबाराचा हुकूम देतो तो सीन काढा, नाहीतर प्रदर्शन विसरा.

"काढताय वाटतं?"

शेजारच्या खुर्चीत सुलभाताई डिग्रजकर. मागच्या सिनेमाच्या संकलक. जाऊन पाच वर्षं झाली, पण कानामागे पिवळी मेणाची पेन्सिल तशीच. काढायच्या फ्रेमवर त्या फुली मारायच्या आणि हात लावायचा नाही तिथे गोल.

"ताई, तुम्ही? इथे कशा?"

"तुम्ही कापायला बसलात की यावंच लागतं बाई. आळ माझ्यावर येतो ना!"

खुर्ची तीच, पण समोर पत्रकार आहेत, माइक आहेत, आणि अच्युतराव स्वतःच्याच तोंडून ऐकताहेत: "ताईंचा गोल होता त्या सीनवर. गोल म्हणजे काढा. संकलकाची चूक, मी काय करू?"

माइकच्या जागी पोळपाट आहे. ताई पापड लाटताहेत.

"त्यानंतर मला कुणी दारात उभं केलं नाही, अच्युतराव."

"घाबरलो होतो हो, ताई."

"ते कळलं होतं मला. म्हणून गप्प बसले." लाटणं थांबतं. "या वेळी कुणाचं नाव सांगणार? मी तर मेले."



फोन वाजतो. अच्युतराव दचकून जागे होतात.

"निघाला का सीन?" निर्माता विचारतो.

समोर कॉम्प्युटरच्या काचेवर, मंत्र्याच्या चेहऱ्याभोवती, पिवळा गोल. अशी पेन्सिल या खोलीत कधी आलेलीच नाही. ते अंगठ्यानं घासतात. गोल जात नाही, अंगठा तेवढा पिवळा होतो.

"सीन राहतोय." ते की-बोर्ड बाजूला सारतात. "आणि मागचा सीन मी काढला होता. ताईंनी नाही. आज पत्रकारांना बोलवा, मी सांगतो."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज येतो. अच्युतराव अंगठा पुसत नाहीत.