मनगटावरची झूल

वामनकाका स्वतःहून कधी फोन करत नाहीत. मावशीनं फोन लावला की ती बोलून दमेपर्यंत ते शेजारी बसून पानाला चुना लावतात आणि शेवटी लांबूनच ‘जेवलीस का?’ एवढं विचारतात. म्हणून त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कपाटातून मोबाइल काढला आणि त्यावर काकांचे राहून गेलेले फोन दिसले, तेव्हाच मी डबा न उघडता बाजूला ठेवला. इथं तिरुपूरला शिलाईच्या कामावर असताना मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत. मी जिन्यात उभी राहून फोन लावला. “सर्जानं सकाळपासून काही खाल्लं न्हाई,” काका म्हणाले. मी म्हटलं, मावशीला द्या. “कोथिंबीर दिली, गवत दिलं. तोंडच लावीना,” ते म्हणाले. आणि मग, “सुमे, तुझी मावशी गेली.”

जिन्यातून माझ्या सोबतच्या मुली तमीळमध्ये हसत-बोलत खाली चालल्या होत्या. त्यातल्या एकीनं थांबून माझ्याकडं पाहिलं, पण मला तिला काय सांगावं ते सुचलं नाही. माझी मावशी कोण होती, हे मराठीत सांगायलाही मला इतके आठवडे लागले. नववीत शाळा सोडलेली मी. पण तिनं केलेली कामं मी या डोळ्यांनी पाहिली आहेत आणि ती कुणी कधी लिहून ठेवणार नाही, म्हणून लिहिते.

सर्जा म्हणजे गिनीपिग. सशाहून लहान, उंदराहून बरंच मोठं, बिनशेपटीचं, भरताच्या वांग्याएवढं जनावर. मावशीचा मुलगा नांदेडला असतो. त्यानं लेकीसाठी ही जोडी आणली होती. पण पोरीला त्यांच्या केसांनी दम लागायला लागला, तेव्हा केळीच्या खोक्यात घालून ती सेलूला मावशीकडं पोचती केली. काकांनी खोक्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “घरात होते ते उंदीर कमी पडले का?” मावशी तेव्हाच म्हणाली, “एक तांबडा, एक पांढरा. बैलजोडीच हाय ही.” आणि तिनं नावं ठेवून टाकली, सर्जा आणि राजा. तिचं माहेर झरीचं, माझंही गाव तेच. तिच्या लहानपणी दारात बैल होते. सेलूला आल्यावर ती पोळ्याला दुसऱ्याच्या बैलांपुढं उभी राहून त्यांच्या झुली बघत राहायची. काका कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर कामाला, घर दोन खोल्यांचं, तिथं बैल कुठून येणार? पुढं महिन्या-दीड महिन्यानं एका सकाळी काका ओसरीतून ओरडले, “कमल, भाईर ये लवकर. तुझा बैल व्यायलाय!” मी तेव्हा तिथंच होते. सर्जाच्या पोटाशी तीन पिलं. डोळे उघडे, अंगावर पूर्ण केस, आणि दुपारपर्यंत ती पळायलाही लागली. मावशी गुडघ्यावर बसून एवढंच म्हणाली, “बघ गं, तयार होऊनच येतेत.” पिलं पुढं गल्लीत गेली, राजाचा पिंजरा वेगळा झाला, पण सर्जाचं नाव सर्जाच राहिलं.

मी तिथं होते, कारण मी शाळा सोडली होती. मला वर्गात उभं केलं की येतं तेही तोंडातून फुटायचं नाही, पोटात कळ यायची. शेवटी शेवटी तर फाटकापाशीच उलटी व्हायची. आईनं रडून पाहिलं, मारून पाहिलं, आणि मग मला बहिणीकडं आणून सोडलं. मावशीनं शाळेबद्दल एक अक्षर विचारलं नाही. तिच्या पायमशीनजवळ बसवलं आणि म्हणाली, “मला सुईत दोरा ओवायला दिसत न्हाई. तू ओव.” आधी दोरा, मग टीप, मग कापणं. लोकांचे ब्लाऊज, परकर ती शिवायची आणि उरलेल्या चिंध्यांतून सर्जा-राजाचं जग चालायचं. मी त्या चिंध्यांवर हात बसवला.

काय काय केलं तिनं! जुन्या पॅन्टच्या पायाचा बोगदा. ओढणीच्या तुकड्याचा झोपाळा, चार कोपऱ्यांनी पिंजऱ्याला टांगलेला, त्यात सर्जा पाय पसरून अशी झोपायची की पाहुण्यांनी विचारावं, मेलं की काय. हाताच्या पंज्याएवढ्या वाकळा, खऱ्या वाकळेसारख्या धावदोऱ्याच्या, एकेका बोटाच्या रुंदीत चार चार टाके. भीमजयंतीला निळ्या कापडाची कमान, दोघांच्या पिंजऱ्यांच्या मधोमध. आणि एका दिवाळीत केलेलं सेलूचं रेल्वे स्टेशन. टीव्हीच्या खोक्याचं ते स्टेशन मी बनताना रोज पाहत होते, तरी पुरं झालं तेव्हा माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. फलाट होता, बाकडी होती, वरून जाणारा पूल होता आणि त्या पुलाच्या पायऱ्या सर्जाच्या पायाच्या मापाच्या. रंग म्हणून पळसाच्या सुकवलेल्या फुलांचा आणि हळदीचा. बाजारचा रंग तिनं आणू दिला नाही, कारण ते कुरतडणार. मावशीनं तिकडच्या टोकाला कोथिंबीर धरली आणि सर्जा ‘कुईऽऽक’ करत पूल चढून गेली. गल्लीतली बायामाणसं दारात गर्दी करून उभी होती. मग काकाच म्हणाले, “गाडी लेट हाय का टायमावर?” आणि सगळे हसले. काकांचं असंच. मावशी नवीन काही शिवायला बसली की विचारायचे, “झाला का उंदरांचा बाळंतविडा?” पण जिनिंगमधून फाटक्या पोत्यांचा बारदाना तेच आणायचे, न सांगता. आमच्याकडचा उन्हाळा या जिवांना सोसत नाही. मावशी चिरलेला माठ आडवा करून, त्याचं तोंड घासून गुळगुळीत करून, वरून ओला बारदाना गुंडाळायची. परभणीकडच्या उन्हात माणसं सावली शोधत फिरायची आणि हे दोघं आपापल्या माठात गार बसलेले.

एकदा काकांनी मूठभर पिंजलेला कापूस आणला. “वाकळेत भर, मऊ होईल.” मावशीनं तो परत दिला. “पोटात गेला तर अडकंल.” तिचे नियम ठरलेले होते. कापूस नाही, मणी नाही, बटण नाही, गाठ वर येता कामा नये. आणि या सगळ्यांवर एक नियम, जो मी दुसऱ्या कुठल्याच शिवणाऱ्या बाईत पाहिला नाही. शिवलेली प्रत्येक वस्तू, अर्धवट असली तरी, ती आधी आपल्या मनगटावर बांधायची. वाकळ असो, बोगद्याचा तुकडा असो, पोळ्याची झूल असो... एक अख्खा दिवस ती मनगटावर. त्याच हातानं भाकरी थापायची, धुणं धुवायची, झोपायची. दुसऱ्या दिवशी कातडीवर लाल रेघ दिसली, खाज आली, दोरा सुटला, की सगळं उसवून पुन्हा. बाजारात गेली तरी ते हातावर असायचं. भाजीवाली विचारायची, “कमलबाई, हाताला काय लागलं?” आणि ही शांतपणे सांगायची, “काही न्हाई. सर्जाचं अंथरूण हाय.”

मी एकदा विचारलं होतं, इतकं कशाला मावशी, त्यांच्या अंगावर एवढे केस. ती म्हणाली, “त्याला तोंड हाय, पण सांगायला बोली न्हाई. टोचायलंय का न्हाई, ते मला कळाया नको?” आणि हे म्हणताना तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही, ती टीप घालत होती. पण माझ्या पोटातली कळ कधी शब्दात सांगता न आलेल्या मला वाटलं, हिला माझंही असंच कळलं असणार. मला तिच्या घरात काही सांगावं लागलं नव्हतं.

त्याच हाताच्या भरवशावर मी इथवर आले. गल्लीतल्या एका ओळखीच्या बाईबरोबर तिरुपूरला यायचं ठरलं, तेव्हा मी इतकी घाबरले की स्टेशनवरून परत फिरायला निघाले. मावशीनं माझ्या मनगटावर एक छोटी वाकळ बांधली. म्हणाली, “एक दिवस ठेव. टोचलं तर उसव आन् ये माघारी.” इथं मी लहान बाळांचे कपडे शिवते. कॉलरचं लेबल लावून झालं की अजूनही नकळत ते मनगटाला लावून बघते. सुपरवायझर हसते. हसू दे.

फोन आला त्या दिवशी दोन गाड्या बदलून मी निघाले, पण मला पोचायला उशीरच झाला. सकाळी मशीनवर बसलेली असताना तिच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मी घरी आले तेव्हा पुण्यानुमोदनाची तयारी चालली होती. लोक येणार, म्हणून आईनं, मावशीच्या सख्ख्या बहिणीनं, घर वरपासून खालपर्यंत धुऊन काढलं होतं. भिंती झाडल्या होत्या, भांडी घासली होती, मावशीची लुगडी वाटून टाकली होती. आणि अंगणातल्या दोरीवर एका ओळीत वाळत होत्या सर्जाच्या वाकळा, झोपाळा, बोगदे, सगळं सोड्याच्या पाण्यात उकळलेलं. माठ फिनेलनं पुसलेला. आईचे हात सुजले होते. “तिची एक वस्तू मळकी ठेवली न्हाई,” ती म्हणाली, आणि मला मिठी मारून रडली. तिला काय म्हणणार? बहीण गेल्यावर तिच्या हातात करण्यासारखं तेवढंच उरलं होतं.

सर्जा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात, भिंतीकडं तोंड करून बसली होती. राजा मागच्या थंडीत गेला होता, त्यामुळं ती एकटीच. जवळ फिनेलचा वास असा की मलाच शिंक आली. अंथरूण तिचंच, पण त्यात ना तिचा वास, ना मावशीचा. काका समोर पाटावर बसून होते, हातात कोथिंबिरीची जुडी, सुकत चाललेली. हे जनावर एक-दोन दिवसांच्या वर उपाशी राहिलं की वाचत नाही, हे मावशीनंच आम्हाला सांगून ठेवलं होतं. “ही बी गेली तर...” काका म्हणाले. आयुष्यभर त्यांनी जिला उंदीर म्हटलं तिच्यासाठी तो माणूस पाटावरून उठत नव्हता. मी वाकळा लावून पाहिल्या, माझी ओढणी घालून पाहिली, काकडी किसून तोंडाशी धरली. सर्जा हलली नाही.

मग मला एकाएकी सुचलं. विचारलं, “काका, मावशीच्या हातावर काय होतं?”

काका उठून आत गेले आणि दवाखान्यातून मिळालेली पिशवी घेऊन आले. नर्सनं तिच्या अंगावरचं काढून दिलेलं सगळं त्यात होतं, पिशवीचं तोंड काकांनी उघडलंच नव्हतं. हिरव्या बांगड्या, चष्मा, आणि एक झूल. पोळा जवळ आला होता. लाल खणाची, तळहाताएवढी, तीन बाजूंनी पिवळी किनार लावलेली, चौथी बाजू तशीच राहिलेली. आईनं त्या दिवशी घरातली प्रत्येक वस्तू धुतली होती, ही पिशवी तेवढी काकांच्या उशाखाली होती.

काकांनी झूल पिंजऱ्यात ठेवली, टाकली नाही, ठेवली. मी, काका आणि आई पिंजऱ्यापुढं बसलो. बराच वेळ काही नाही. मग सर्जाचं नाक हललं. ती वळली. सरपटत आली, झुलीत तोंड खुपसलं, आणि तिच्या घशातून ती बारीक घरघर आली, जी फक्त मावशीच्या मांडीवर यायची. आई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. थोड्या वेळानं सर्जानं काकांच्या हातातली कोथिंबिरीची काडी ओढली. काडी तोंडात आत आत जात दिसेनाशी होईपर्यंत काका बघत राहिले. त्या घरात मी पुष्कळ नवल पाहिलं होतं, स्टेशन पाहिलं होतं, पण हे... एका बाईच्या मनगटाची एका सकाळची ऊब, ती बाई नसताना, एक जीव धरून ठेवते, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी मान हलवून सोडून दिलं असतं.

मला परत यावं लागलं. इकडं आल्यावर मी रोज विचारायचे, खाल्लं का? काका सांगायचे, “तू जेवलीस का ते सांग आधी.”

पोळ्याच्या दिवशी त्यांनी स्वतःहून फोन केला, चेहरा दिसणारा. मी म्हटलं, झूल घाला ना सर्जाला, घटकाभर. मावशी तेवढीच घालायची, फोटो काढून लगेच उतरवायची. “घालतो,” काका म्हणाले, “पण आज न्हाई.” मी घाबरले. विचारलं, बरी आहे ना ती? त्यांनी मोबाइल फिरवून दाखवलं. सर्जा माठाच्या तोंडाशी गवत चघळत बसलेली. मग मोबाइल त्यांच्या हाताकडं वळला. वजनकाट्यावर पोती ढकलून जाड झालेल्या त्या मनगटावर लाल झूल बांधलेली होती. चौथ्या बाजूलाही आता पिवळी किनार होती, वेडीवाकडी, लांब-लांब टाक्यांची.

“सकाळधरनं बांधलीय,” काका म्हणाले. “भाकरीला बसलो तवाच कळलं, गाठ वर आलीय. अजून टोचायलंय. उसवतो आन् परत टाके घालतो.”