‘क’च्या पुढचं अक्षर

दिव्याखाली अंधार, असं आमच्या दाना ओली मोहल्ल्यात माझ्या तोंडावर कुणी म्हणत नाही; मी पाठ वळवली की म्हणतात. लकव्याने वाचा गेलेल्यांच्या मेंदूत इम्प्लांट बसवून त्यांना बोलतं करायचं, हे माझं काम. आणि स्ट्रोक आल्यापासून माझेच वडील घरात मुके पडून आहेत. त्यांना सगळं समजतं, पण हलतात ते फक्त डोळे.

हेच बाबा पूर्वी महाराज बाड्याच्या चौकात भेटेल त्याला थांबवून माझ्या यंत्राची तारीफ करायचे. अर्धी मराठीत, अर्धी हिंदीत, आणि सगळी वाढवून.

आता आई अक्षरांच्या तक्त्यावरून बोट फिरवते. हवं ते अक्षर आलं की बाबा वर बघतात. डोळे मिटले, तर नाही. पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायची पद्धत आमच्या घरात कधी नव्हतीच, बाबांचीही नव्हती. परवा त्यांनी ‘क’ निवडला आणि आईने तक्ता खाली ठेवला.

“कढी. पकोड्यांची. मला माहीत आहे ना.”

त्यांच्या घशाखाली काही उतरत नाही, जेवण नळीतून जातं. तरी तिने कढी केली, बोट बुडवून त्यांच्या ओठांना लावलं. त्यांनी डोळे मिटले.

“नमक कमी झालं वाटतं,” आई म्हणाली.

काल पुन्हा ‘क’, पुन्हा कढी. मला भयंकर चीड आली. मी तक्ता तिच्या हातातून घेतला आणि ‘क’च्या पुढे गेले. ‘ध’ आला. मग दीर्घ वेलांटी.

“कधी,” आईने वाचलं. “काय कधी?”

मला तत्क्षणी कळलं. आम्ही समजत होतो, त्यांना ठाऊक आहे. ते तर इम्प्लांटसाठी आपला नंबर यायची वाट बघत होते.

“बाबा, तुमचं हृदय ऑपरेशन सोसणार नाही. दुसऱ्या सर्जननाही दाखवलं. तुम्हाला नाही बसवता येणार.”

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचा हात धरून बसले. दुसरं काहीच माझ्या हातात नव्हतं.

“तिचं काय ऐकता? तुम्ही बोला,” आई म्हणाली. “मी मध्ये नाही बोलणार आता.”

तिने तक्ता त्यांच्यासमोर धरला. तिचं बोट शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं, परत ‘क’वर आलं. बाबांनी डोळे उघडले नाहीत.