धरणात बुडालेला आंबा

धरणाच्या पाण्यातून गॅस येतो, असं मी विठ्ठलवाडीला भाजी विकताना सांगितलं, तर एकाने विश्वास ठेवला असेल तर शपथ! "मावशी, मग एक सिलेंडर भरून आणा की," म्हणे गिऱ्हाईक. हसा. पण आधी ऐका, मग हसा.

मुरबाडच्या पलीकडे माझं माहेर. तिथे विजेसाठी धरण बांधत होते. दादाचं शेत बुडणार, बदल्यात धरणात मासे धरायचा हक्क मिळणार. यापुढे त्याचं पोट तेवढ्यावरच. पाणी अडवायच्या आधी माणसं करवती घेऊन आली, झाडं तोडायला. त्यात आमच्या बापाने लावलेला आंबा!

मी कल्याणहून पहिली एसटी पकडली आणि आंब्याला पाठ लावून बसले. गावच्या बायका गोळा केल्या. लाकूडचोर काय, मेल्यांनो काय, तोंडाला येईल ते बोलले.

मग धरणाची इंजिनियर मॅडम आली. शांत पोरगी. कमी रान बुडावं म्हणून भिंत मुद्दाम वरच्या अरुंद खिंडीत सरकवलीय, म्हणाली. तरी जे बुडणार, ते आधी काढायलाच हवं. पाण्याखाली कुजलं की त्याचा गॅस होतो, तो वर येऊन जगाचा उकाडा वाढवतो. मासेसुद्धा गुदमरतात.

"मावशी, तुम्ही भाजी विकता ना? कोथिंबिरीची जुडी पाण्यात बुडवून वर झाकण ठेवलं, तर काय होईल?"

"कोथिंबीर वेगळी, आंबा वेगळा," मी बोलले. वर विचारलं, "तुला बाप आहे का गं?"

जन्म गेला माझा सडकी कोथिंबीर फेकण्यात. मला कुणी हे शिकवायला हवं होतं का? दादा हळूच म्हणालेला, जरा ऐक तिचं. त्यालाही मी गप्प केलं.

पावसाळा तोंडावर आला, तोडणारे सगळं रान तसंच सोडून परत गेले. पाणी भरलं. गावाने "सुमनताईंचा विजय असो" म्हणत मला शाल-नारळ दिला. ती शाल पांघरून मी भर उकाड्यात डोंबिवलीला नणंदेकडे गेले. उगीच, सहज!

पुढच्या उन्हाळ्यात माहेरी गेले, तर पाण्याला सडक्या अंड्यांचा वास. मध्येच बुडबुडे, भात रटरटतोय जणू. काठाला मेलेले मासे. आणि दादा फाटकं जाळं शिवत बसलेला. किती वाळला होता तो.

माझं डोकंच फिरलं. "कुणी केलं हे? नाव सांग, आत्ता जाऊन त्याची खेटराने पूजा करते."

वहिनीने माझ्यापुढे चहा ठेवला.

"वन्सं, जाळं रोज एकाच झाडात अडकतं. सगळ्यात जास्त बुडबुडेही तिथेच. आता त्या जागेला सगळे नावानेच ओळखतात."

"काय नाव?"

दादाने सुईत दोरा ओवला. मान वर केली नाही.

"सुमनताई."